प्रश्न वाचकांचे : प्राथमिक वर्गात रचना आणि तंत्रज्ञान

लहान मुलांना स्वतः विचार करून वस्तू घडवायला शिकवण्यासंबंधी आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. यांतील बहुतेक पत्रे सोलापूर शहरातून आणि जिल्ह्याच्या तालुक्यांतून आली आहेत. ‘रचना आणि तंत्रज्ञान’ या नावाचा विषय आपल्या प्राथमिक शाळांच्या वेळापत्रकात नाही. त्याचा आशय कार्यानुभव, परिसर अभ्यास, गणित आणि कला यांत विखुरलेला आहे. इंग्लंडमध्ये १९९० पासून तो पाच वर्षांच्या मुलांपासून पुढे स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जाऊ लागला. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती आणि बाहुली हे तीन पाठघटक तयार करून सहावीच्या आसपासच्या मुलांबरोबर, मराठी माध्यमाच्या वर्गांतही, वापरून पाहिले. प्राथमिक वर्गांना झेपेल असे काय करता येईल, याचा विचार पुढील उत्तरांत केला आहे.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलांकडून आकाशकंदील, राखी, भेटकार्ड अशा वस्तू करून घेतो आणि त्या देखण्याही होतात. रचना आणि तंत्रज्ञान म्हणजे याहून वेगळे नेमके काय, आणि फारसा खर्च न करता सुरुवात कशी करावी?
– एक शिक्षिका, मोहोळ तालुका

उत्तर : आकाशकंदील बंद करू नका. घडी सरळ घालणे, मापाने कापणे, खळ बेताने लावणे ही कौशल्ये मुलांना त्यातूनच येतात आणि ती आल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही. फरक आहे तो निर्णय कोण घेतो यात. वर्गातले सगळे कंदील एकाच मापाचे, एकाच घडीचे झाले असतील, तर कागद कोणता, माप किती, जोड कुठे हे सारे बाईंनी ठरवले आणि मुलांनी ते अमलात आणले, असा त्याचा अर्थ होतो. आपण ज्या विषयाबद्दल विचारता आहात त्यात हे ठरवण्याचे काम मुलाकडे येते. वस्तू कोणासाठी करायची, ती कुठे वापरली जाणार, किती दिवस टिकायला हवी, हाताशी असलेल्या साहित्यापैकी कशाची करावी, हे मूल विचारते. करून पाहते, वापरून पाहते आणि जिथे अडते तिथे बदलते.

सोलापूरच्या हवेत तिसरी-चौथीच्या वर्गासाठी मला सर्वांत योग्य वाटणारे काम म्हणजे पाण्याची बाटली गार ठेवणारी पिशवी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि वस्तीवरून चालत येणाऱ्या मुलाच्या बाटलीतले पाणी शाळेत पोहोचेपर्यंत कोमट होते, त्यामुळे अडचण मुलांना समजावून सांगावी लागत नाही. हे काम मार्चमध्ये हाती घ्यावे.

पहिले दोन तास काहीही करायचे नाही, फक्त पाहायचे. घरी पाणी कशाने गार राहते, याची माहिती मुलांनी आणावी : माठ, माठाला गुंडाळलेले ओले फडके, शेतावर नेण्याची कॅनव्हासची पाण्याची पिशवी. माठाचा बाहेरचा पृष्ठभाग ओलसर का असतो, यावर बोलणे झाले की बाष्पीभवन हा परिसर अभ्यासातला भाग आपोआप जागेवर येतो. मग कापडे तपासावीत. साधे सुती कापड, जुनी साडी आणि टॉवेलचा तुकडा भिंगातून पाहिले की टॉवेलवर दोऱ्यांचे फासे उभे दिसतात. टॉवेल विणताना मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात, एक घट्ट आणि एक सैल. सैल ताण्याचे हे फासे होतात आणि त्यांच्यामुळे त्याच आकाराच्या साध्या कापडापेक्षा टॉवेल कितीतरी जास्त पाणी धरतो. ज्या जिल्ह्याचे टॉवेल देशभर जातात, तिथल्या मुलाने टॉवेल पाणी का टिपतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर एक-दोन तास निव्वळ सरावाचे. दोऱ्याने बाटलीचा घेर मोजून तो दोरा पट्टीवर ठेवणे, धावदोरा घालणे, आणि शिवणीसाठी कापडात माया, म्हणजे कडेला थोडे जास्तीचे कापड, सोडणे. ही माया बहुतेक मुले विसरतात आणि पिशवी बाटलीवर चढत नाही. म्हणून आधी वर्तमानपत्राच्या कागदाची पिशवी करून ती बाटलीवर चढवून पाहायची, कापडाला कात्री त्यानंतरच लावायची.

मग प्रत्यक्ष काम. येथे प्रत्येक जोडीने आपला निर्णय घ्यावा : कापड कोणते, एक पदर की दोन, बंद खांद्याला की दप्तराला, तोंड दोरीने आवळायचे की बटणाने. झालेल्या पिशव्यांची परीक्षा सावलीत, वारा लागेल अशा जागी घ्यावी. सारख्या बाटल्यांत सारखे पाणी भरून एक बाटली उघडी, एक कोरड्या पिशवीत, बाकीच्या ओल्या पिशव्यांत ठेवाव्यात आणि ठरावीक वेळाने तापमान वाचावे. तापमापी पाऱ्याची नको, ताप पाहण्याचीही नको. प्रयोगशाळेत मिळणारी लाल द्रवाची घ्यावी. ओल्या पिशवीतले पाणी उतरलेले दिसले की मुलांना आनंद होतो, पण खरे शिकणे याच्या पुढे आहे. ओली पिशवी दप्तरात ठेवली की वह्या भिजतात. आता काय करायचे? कोणी पिशवी बाहेर टांगण्यासाठी बंद लावते, कोणी पाठीकडच्या बाजूला प्लॅस्टिकचे अस्तर लावते आणि मग त्या बाजूने वारा लागत नाही हे त्याच्या लक्षात येते. एक सोय मिळवताना दुसरी सोडावी लागते, हे नवव्या वर्षी हाताने अनुभवलेले मूल पुढे कोणत्याही यंत्राकडे किंवा इमारतीकडे वेगळ्या नजरेने पाहते.

खर्चाचे म्हणाल, तर जुने टॉवेल आणि कापडाचे तुकडे गावात मिळतात, सुई-दोरा आणि दोन चांगल्या कात्र्या शाळेने घ्याव्यात. द्विशिक्षकी शाळेत वेगवेगळ्या इयत्ता एकत्र बसतात, ही येथे अडचण नसून सोय आहे. पहिली-दुसरीच्या मुलांनी मोजण्याचे आणि नोंदीचे काम करावे. एका सत्रात असे एकच काम पूर्ण झाले तरी पुरे. आठवड्याचे दोन सुटे तास जोडून मात्र घ्या, कारण पसारा मांडेपर्यंत घंटा झाली तर मुलांचाही हिरमोड होतो आणि आपलाही.

प्रश्न : मी विड्या वळते आणि माझे यजमान यंत्रमागावर कामाला आहेत. मुलगी चौथीत आहे. तिच्या शाळेत आता शिवणे, विणणे, पुठ्ठे कापणे शिकवतात असे कळले. हाताची कामे आमच्या नशिबी आली ती तिच्या वाट्याला येऊ नयेत म्हणूनच आम्ही तिला शाळेत घातले. हा वेळ गणिताला आणि इंग्रजीला द्यायला नको का?
– एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, आपली शंका अगदी रास्त आहे आणि ती फार जुनीही आहे. १९३७ साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या शिक्षणाचा विचार मांडला आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा आराखडा केला. गरिबांच्या मुलांना टकळी आणि इतरांच्या मुलांना पुस्तक असे तर होणार नाही ना, ही भीती तेव्हाही अनेकांनी बोलून दाखवली होती. ही भीती निराधार नव्हती. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरी आई-वडिलांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. जातीचा धंदा मुलांच्या गळ्यात बांधणारी योजना म्हणून तिला तीव्र विरोध झाला आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती मागे घेतली. तो विरोध योग्यच होता.

म्हणून शाळेला आपण दोन गोष्टी अवश्य विचारा. हे काम वर्गातल्या सर्व मुलांना आहे की काही जणांनाच? आणि मुलीला काय काम द्यायचे हे तिच्या घरच्या व्यवसायावरून ठरते का? डॉक्टरांचा मुलगा आणि आपली मुलगी एकाच बाकावर बसून एकच काम करीत असतील, तर काळजीचे कारण नाही. तसे नसेल, तर आपण हरकत घ्यावी.

आता कामाच्या स्वरूपाविषयी. विडीचे माप, पानाचा आकार, हजारी विड्यांचा दर यांतले काहीही आपण ठरवत नाही. मागावरही नक्षी आणि लांबी वरून ठरून येते. आपल्याला हाताच्या कामाचा जो कंटाळा आला आहे, त्यात या गोष्टीचा मोठा वाटा असावा असे मला वाटते. वर्गात मुलगी जे करते त्यात ठरवणारी तीच असते. आपल्या शहरातले एक उदाहरण घेऊ. सोलापुरी चादरीवरची फुले आणि मोर जेकार्डच्या साहाय्याने उमटतात. जेकार्ड या फ्रेंच विणकराने १८०४ साली सिद्ध केलेल्या यंत्रात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते. जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे नसेल तिथला खाली राहतो, आणि त्यामधून बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो. चौथीच्या मुलांना हे चौकटीच्या कागदावर करता येते. भरलेले घर म्हणजे धागा वर, रिकामे घर म्हणजे धागा खाली, एवढा नियम घालून मुलांनी दहा बाय दहा घरांत आपली नक्षी भरायची, मग रंगीत कागदाच्या उभ्या-आडव्या पट्ट्या त्या नियमाने विणायच्या. विणलेला कागद उलटा केला की रंगांची अदलाबदल झालेली दिसते आणि घरच्या चादरीची मागची बाजू आठवून मुले चकित होतात. पुढची नक्षी दुप्पट मोठी हवी असेल तर घरे किती लागतील? चारच घरांची नक्षी पुन्हा पुन्हा मांडली तर शंभर घरांत ती नेमकी किती वेळा बसेल आणि कडेला काही उरेल का? हे गणितच आहे, आणि ज्या मुलाला फळ्यावरचे गुणाकार नकोसे वाटतात तेही ते आपणहून करते. होय आणि नाही या दोनच खुणांनी संपूर्ण नक्षी लिहिण्याची ही रीत पुढे संगणकाकडे जाणाऱ्या वाटेवरची आहे. १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेची मोजणी भोके पाडलेल्या पत्त्यांवरच झाली होती.

आठवड्याच्या दोन तासांनी इंग्रजी मागे पडत नाही. उलट केलेल्या कामाविषयी वर्गासमोर बोलायचे, का आणि कसे केले ते लिहायचे, यात मुलांची भाषा वाढते; घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठी तर हातात वस्तू असताना मराठीत बोलणे पुष्कळ सोपे जाते. मात्र शाळेत हाताचे काम शिकवतात म्हणून मुलीला घरी विड्यांना किंवा कांड्या भरायला बसवू नये. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याची मनाई आहे, आणि तंबाखूची धूळ लहान वयात अधिक घातक ठरते.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या प्राथमिक शाळेसाठी यंत्रमानव बनवण्याचे तयार संच घ्यावेत की संगणक कक्ष वाढवावा, असा विचार चालू आहे. चांगला निधी उपलब्ध आहे. आपण काय सुचवाल?
– एका संस्थेचे चिटणीस, सोलापूर

उत्तर : पहिली ते पाचवीसाठी दोन्ही नको, असे मी सुचवेन. निधी एका मोठ्या, हवेशीर खोलीवर, मजबूत टेबलांवर, कपाटांवर आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा.

तयार संचात प्रत्येक भाग दुसऱ्या भागात बसेल असाच केलेला असतो. त्यामुळे मुलाचा साहित्याशी झगडा होत नाही, आणि तोच तर शिकायचा असतो. पुठ्ठ्याच्या चाकाला मधोमध भोक पाडणे ही सोपी वाटणारी गोष्ट पाहा. भोक जरा बाजूला गेले की गाडी लंगडते. चाकाचा मध्य शोधायचा कसा, हा प्रश्न त्या क्षणी मुलाला खरोखर पडतो आणि मग वर्तुळाची घडी घालून मध्य काढण्याची युक्ती ते जन्मभर विसरत नाही. लंगडणारे चाक फेकूनही देऊ नये. त्यावर काडी टेकवली तर ती वर-खाली होते आणि त्यावर नाचणारी चिमणी बसवता येते.

वयाप्रमाणे चढत जाणारा क्रम असा ठेवता येईल. पहिली-दुसरीत सरकणारी आणि उघडणारी चित्रे, कागदाच्या घड्यांची बळकटी, आणि चाक व आस. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाहिलेला आकाशपाळणा करायला सांगितले तर ही मुले थांबत नाहीत. पाळणा फिरताना पेट्या उलट्या का होत नाहीत, याचे उत्तर ती स्वतः शोधतात. तिसरी-चौथीत तरफा आणि जोडपट्ट्या, सुई नसलेल्या दोन सिरिंज नळीने जोडून हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने उघडणारे झाकण, बांबूच्या किंवा ज्वारीच्या धाटांच्या चौकटी. चौकोनी चौकट ढकलली की कलते, कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे त्रिकोण चिकटवले की ताठ उभी राहते. हे एकदा पाहिलेली मुले गावातल्या पत्र्याच्या शेडच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, मोजू लागतात. पाचवीत कप्पी, दातेरी चाके, सेल, छोटा दिवा आणि स्वतः केलेले बटण. येथवर आलेल्या मुलाला सहावीनंतर संच द्यावा, त्याचे ते सोने करील.

संगणकाविषयी इतकेच म्हणेन की शिकवण्यासाठी तंत्रज्ञान वापरणे आणि मुलाने तंत्रज्ञान घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे जे काम केले, ते पहिल्या प्रकारचे मोलाचे काम आहे; त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कारही मिळाला. दुसऱ्या प्रकारासाठी पाहायचे तर पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम पाहावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला आणि गावाला लागणाऱ्या प्रत्यक्ष कामांतून शिकवण्याची पद्धत तिथे उभी राहिली. तिथली मुले वयाने मोठी आहेत, तरी आपल्या शिक्षकांना तिथे नेण्यावर झालेला खर्च सत्कारणी लागेल.

प्रश्न : मी मुलांना ‘आधी आराखडा काढा, मग वस्तू करा’ असे सांगते. मुले घर, झाडे, सूर्य असे छान चित्र काढतात आणि वस्तू मात्र भलतीच करतात. आराखड्याची सवय कशी लावावी?
– एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : आपल्या मुलांचे काही चुकत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला चित्र काढता येते, पण न झालेल्या वस्तूचा विचार कागदावर करणे ही वेगळी क्षमता आहे आणि ती सरावाने हळूहळू येते. ज्या साहित्याशी त्याची ओळखच नाही, त्याचा आराखडा ते कसा काढणार? पुठ्ठा कसा वाकतो, खराट्याची काडी किती वजन पेलते हे हाताला कळल्यावरच हात कागदावर खरे बोलतो.

त्यामुळे लहान वर्गांत क्रम उलटा करावा. आधी साहित्याशी मोकळेपणाने खेळू द्यावे, मग वस्तू करू द्यावी आणि वस्तू झाल्यावर तिचे चित्र काढायला सांगावे, असे की सुट्टीवर असलेल्या मित्राला ते पाहून तीच वस्तू करता यावी. ते चित्र खरोखरच दुसऱ्या मुलाला द्यावे. त्याला जिथे कळले नाही तिथे चित्रात काय राहिले ते पहिल्या मुलाला दिसते : लांबी लिहिली नव्हती, जोड कुठे आहे ते दाखवले नव्हते, मागची बाजू काढलीच नव्हती. बाईंनी सांगितलेल्या दहा सूचनांपेक्षा मित्राचा एक प्रश्न अधिक काम करतो. तिसरीच्या अखेरीस ‘करण्यापूर्वी दोन वेगळ्या कल्पना काढा आणि एक निवडा’ येथपर्यंत यावे, आणि पाचवीत मापे, साहित्याची यादी व कामाचा क्रम.

एक गोष्ट मात्र पाळावी. काम करताना मुलाने आराखडा बदलला तर त्याला रागावू नये. काय बदलले आणि का, एवढे चित्राखाली लिहायला सांगावे. ही ओळ मला त्या संपूर्ण कामातली सर्वांत मोलाची वाटते.

प्रश्न : गटात काम दिले की मुले हत्यारे घेतात आणि मुली लिहीत बसतात. काय करावे?
– एक शिक्षक, पंढरपूर

उत्तर : गट तिघांचे करावेत, सहा-सात जणांच्या गटात कोणीतरी नुसते पाहत राहतेच. कापणारा, जोडणारा आणि नोंद करणारा या भूमिका दर तासाला बदलतील अशी यादी भिंतीवर लावावी आणि ती कटाक्षाने पाळावी. सुरुवातीला काही आठवडे मुलींचे स्वतंत्र गट केले तरी हरकत नाही. करवत आणि हातोडी हातात बसली की त्या मिश्र गटातही ती सोडत नाहीत. शिवणकामाला मुलांनी बसायचे, याबाबत तितकाच आग्रह असावा. विषयाची निवडही तपासून पाहावी : प्रत्येक वेळी गाडी किंवा विमानच दिले, तर ज्याच्या हातात घरी गाडी दिली गेली तोच पुढे सरसावणार.

प्रश्न : मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेला निदेशक आहे. शेजारच्या शाळेत आठवड्यातून एकदा जाऊन मदत करण्याची इच्छा आहे. एवढ्या लहान मुलांच्या हातात कोणती हत्यारे द्यावीत?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्यासारख्यांची शाळांना फार गरज आहे. चाळीस वर्षांची सफाई ज्या हातात आहे, त्या हाताकडे मूल नुसते पाहत राहिले तरी शिकते.

लहान मुलांना बोथट हत्यार देणे सुरक्षित असते, हा समज आधी दूर करावा. बोथट कात्रीला जोर लावावा लागतो आणि जोरामुळेच ती निसटते. गोल टोकाची पण चांगली धार असलेली कात्री पहिलीपासून द्यावी. दुसरी-तिसरीपासून लहान हॅकसॉ चालतो, मात्र काम हातात धरून कापायचे नाही; टेबलाच्या कडेला अडकणारी लाकडी पाटी करून द्यावी आणि तिला काठी टेकवून कापायला शिकवावे. ही पाटी आपल्या घरी तासाभरात होईल. चौथीपासून हाताने फिरवायचे ड्रिल देता येते, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून. पात्याचा कटर, गरम डिंकाची बंदूक आणि सोल्डरिंग ही कामे प्राथमिक वर्गात मोठ्यांनीच करावीत. विजेची कामे दीड व्होल्टच्या सेलवरच. भिंतीतल्या विजेला कोणतेही कारण काढून हात लावू द्यायचा नाही, आणि बटणाएवढे सेल तर खोलीतच नकोत, कारण लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते. ड्रिल चालवताना केस आणि ओढणी बांधलेली असावी. एका वेळी करवत किंवा ड्रिल एकाच टेबलावर चालावे आणि त्या टेबलाजवळ आपण उभे असावे, बाकीचा वर्ग शिक्षकांनी सांभाळावा.

आपण कारखान्यांच्या भागात राहता, म्हणून एक विनंती. मुलांना माग दाखवायला जरूर न्या, पण चालू यंत्रमागांच्या रांगेत नेऊ नका. तिथला आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि बाणा घेऊन ये-जा करणारा धोटा क्वचित उडतोही. सुट्टीच्या दिवशी बंद माग जवळून दाखवावा, ताणा, बाणा, फणी, धोटा यांना हात लावू द्यावा, आणि शक्य असेल तर हातमागावर एखाद्या अनुभवी विणकराकडून दोन-चार बोटे कापड विणून दाखवावे. हातमागावर प्रत्येक हालचाल डोळ्यांना दिसते, यंत्रमागावर ती दिसेनाशी होते. परत आल्यावर पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणा भरून मुलांनी स्वतः विणावे आणि शिक्षकांनी आधीच सर्व काही दुरुस्त करून देऊ नये. हा मोह आपल्यासारख्या कसबी माणसाला सर्वांत जास्त होईल. मुलाने जोड चुकवला तर ‘हा जोड ओढून पाहा बरं’ एवढेच म्हणावे.

प्रश्न : अशा कामाचे मूल्यमापन कसे करावे? सुबक वस्तूला जास्त गुण दिले की घरून पालकांनीच करून पाठवलेल्या वस्तू येतात.
– एक मुख्याध्यापक, करमाळा

उत्तर : वस्तू घरी न्यायचीच नाही, हा पहिला नियम. काम वर्गात सुरू व्हावे, वर्गातच संपावे आणि अपुरे राहिले तर मुलाच्या नावाच्या खोक्यात शाळेतच राहावे. प्रदर्शनासाठी सजवलेल्या वस्तूंची मागणी वरून आली तरी हा नियम मोडू नये.

कार्यानुभवासाठी आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे शिकत असतानाच्या नोंदींवरून होणाऱ्या मूल्यमापनाची, जी सोय आपल्या व्यवस्थेत आहे ती या विषयाला चांगली लागू पडते, पण वर्णनात्मक नोंदी तयार यादीतून उतरवून काढल्या तर तिचा उपयोग नाही. ‘आवडीने सहभागी होतो’, ‘साहित्य नीटनेटके वापरतो’ या नोंदी कोणत्याही मुलाला चिकटतात. एका तासाला पाच-सहाच मुलांकडे लक्ष द्यावे आणि त्यांनी घेतलेला एखादा निर्णय लिहून ठेवावा. ‘पिशवीचा बंद तुटल्यावर शिवण दुहेरी केली आणि बंद रुंद घेतला’, ‘चाक घासत होते, कारण स्वतः शोधले, रिकाम्या रिफिलचा तुकडा आसावर चढवला’, ‘मित्राचा जोड पाहून आपला बदलला, कारण सांगता आले’. सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाच्या अशा तीन-चार ओळी जमल्या तर प्रगतिपत्रकासाठी तेवढ्या पुरतात. सुबकपणाची नोंद जरूर घ्या, पण स्वतंत्रपणे. हात सुबक असणे हाही गुण आहे आणि तो ज्याच्यात आहे त्याला तो कळायला हवा.

न चाललेल्या वस्तूचे काय, हा प्रश्न आपल्या पुढील पत्रात येईल म्हणून आताच लिहितो. वस्तू चालली नाही, पण का चालली नाही हे मुलाने तपासून सांगितले, तर त्याला वरची श्रेणी द्यावी. वस्तू चालली आणि का चालली हे सांगता आले नाही, तर त्याला पुढच्या तासाला तीच वस्तू थोडी बदलून करायला द्यावी आणि नोंद तोपर्यंत राखून ठेवावी.